चांदणी पाण्यात उतरली तो दिवस

दलसिंगने फाटकावर नवी पाटी लावल्यापासून आबा कारखान्यात मान वर करून येत नसत. त्या दिवशीही ते मान खाली घालूनच आले आणि करणसिंगने घाटाच्या वरच्या पायरीवर ठेवलेल्या खुर्चीत पाहुण्यासारखे टेकले. तापीच्या या काठावर पहिली मोटारबोट बांधली ती त्यांनीच. मुंबईच्या गोदीत उमेदवारी करून परत आलेला गुलाबसिंग गिरासे नदीकाठी बोटी बांधणार म्हणून तेव्हा अख्खं प्रकाशा गाव हसलं होतं. पण सातपुड्याचा साग हाताशी होता, नंदुरबारला रेल्वे होती, आणि तळ्यात मिरवण्याची हौस असलेल्या संस्थानिकांचा तोटा नव्हता. बघता बघता गुलाबसिंगच्या बोटीत बसणं ही या मुलखात श्रीमंतीची खूण झाली.

आता मालक दलसिंग होता. तळोद्याचा लाकडाचा ठेकेदार, आबांच्या पत्नी रेवाबाई यांच्या मयत भावाचा मुलगा. आबांच्या डोळ्यांत सारा येऊन दिसेनासं झालं, दोन्ही मुलांचं एकमेकांशी पटेना, तेव्हा रेवाबाईच म्हणाल्या होत्या, परक्याच्या हाती देण्यापेक्षा माझ्या भाच्याला द्या, कारखाना घरातच राहील. आबांनी दिला. मोठा करणसिंग नव्या मालकाचा मॅनेजर झाला. धाकटा दिलवरसिंग पूर्वीसारखाच शेडमध्ये बोटींचे सांगाडे उभे करत राहिला, फक्त घरी येऊन बोलेनासा झाला.

“करणभाऊ, दिलवर कोठे शे?” दलसिंगने विचारलं. त्याने थंडीचा काळा कोट घातला होता आणि दाढी नुकतीच केली होती.

“शेडमा शे.”

“त्याले सांग, कारभारी साहेब देखी ऱ्हायनात. बोटवर ये म्हना.”

“तो येवाव नही.”

दलसिंग हसला. चांगला हसणारा माणूस होता तो. “ऱ्हाऊ दे मंग. मी जास बोटवर.”

खाली घाटाला ‘चांदणी’ बांधून ठेवली होती. सागाच्या फळ्यांवर रोगणाचे इतके हात दिले होते की पाण्याची हालचाल तिच्या अंगावर दिसत होती. पितळी कठडे, निळ्या मखमलीच्या बैठका, वर झालरीचं छत. राजेसाहेबांच्या लग्नात नवरानवरी तळ्यात फिरणार ती याच बोटीतून. संस्थानचे कारभारी तिला पसंत करायला म्हणून स्वतः आले होते आणि रुमालाने ओठ टिपत घाटावर उभे होते.

चाकावर भिला बसला होता. अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यातला, चोवीस वर्षांचा गडी. कारखान्यात ओझी वाहायला म्हणून आला आणि दोन पावसाळ्यांत कुठलीही बोट कुठल्याही पाण्यात फिरवायला लागला. आज दलसिंगने त्याला नवी टोपी दिली होती. ती त्याने दोनदा काढून पुन्हा घातली. घाटावर बायकांच्या घोळक्यात रेवाबाई दिसताच तो ओरडला, “मोठी माय! दुसरा फेराले तू बस!”

“पहिलं तू तं फिरी ये!” रेवाबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

इंजिन सुरू झालं. आवाज ऐकताच करणसिंगने आबांकडे पाहिलं. आबांना दिसत नसलं तरी कान शाबूत होते. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“करण, हाई कोन्हं इंजिन शे?”

“नवं शे, आबा. मुंबईथून आणेल शे.”

“जड शे,” आबा म्हणाले. ते खुर्चीतच बसून राहिले.

चांदणी घाटापासून सुटली आणि डोहाच्या मध्यावर जाऊन अशी पळाली की लोकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. तिच्या मागे पाणी दोन्हीकडे पांढरं उभं राहिलं. कारभाऱ्यांनी रुमाल खाली घेतला. “वा!” ते म्हणाले. “वा, मॅनेजर!” करणसिंगच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. एवढा वेग कुठल्याच बोटीला नव्हता, आबांच्याही नाही. दिलवर उगाच घाबरत होता.

भिलाने पलीकडच्या कपारीपाशी वळण घेतलं. दलसिंग उभा राहून काठाकडे हात हलवत होता. त्याच वेळी लाकूड फुटल्याचा आवाज आला. फार मोठा नव्हता तो. चुलीत ओली काटकी तडकावी तेवढाच. बोटीचा मागचा भाग खाली बसला, पुढचं टोक वर आलं. क्षणभर चांदणी पाण्यात उभी राहिली, तिच्या पोटाकडची फिकट फळी सगळ्यांना दिसली. दलसिंग छताबाहेर फेकला गेला. मग इंजिनाने बोटीला ओढून खाली नेलं, आणि डोहावर निळ्या मखमलीची एक गादी तेवढी तरंगत राहिली.

घाटावर कोणीही ओरडलं नाही. करणसिंगला नंतर आयुष्यभर आठवली ती हीच गोष्ट. एवढी माणसं होती, आणि पाण्याच्या बुडबुड्यांचा आवाज ऐकू येत होता.

*

दिलवरसिंगने ते शेडच्या दारातून पाहिलं. पाहिल्यावर त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की मी सांगितलं होतं. इंजिनाखालच्या फळ्या एवढा भार धरणार नाहीत, बैठक नव्याने बांधू, आठ दिवस द्या, हे त्याने सांगितलं होतं. त्या एका क्षणात त्याला बरंसुद्धा वाटलं. मग भिला वर आलेला नाही हे लक्षात आलं आणि तो पळाला.

नावाड्याच्या होडीतून तो डोहावर गेला. दलसिंगला पोहता येत नव्हतं. गादीला धरून तो हातपाय मारत होता. दोघांनी त्याला होडीत ओढलं तेव्हा त्याचे दात वाजत होते आणि तो एकच शब्द म्हणत होता, “भिला, भिला.” दिलवर पाण्यात उतरला. पौषातलं पाणी, डोक्यात खिळा ठोकावा तसं. पहिल्या बुडीत त्याला नुसतं छत लागलं. दुसऱ्या वेळी झालर हातात आली. तिसऱ्यांदा नावाडीही उतरला. छताच्या कापडात आणि चाकाच्या मध्ये भिला अडकला होता. चाकावरची त्याची बोटं त्यांना एकेक करून सोडवावी लागली.

घाटावर आणून त्याला पालथं घातलं, पाठ दाबली. तोंडातून पाणी आलं, बाकी काही आलं नाही. नावाड्याने खूप वेळाने हात काढले.

शेडमध्ये सागाच्या फळ्यांवर त्याला निजवलं आणि वर बोटीवर घालायचं जाड कापड टाकलं. दिलवरने कपडे बदलले नाहीत. तसाच निथळत तो कचेरीच्या ओट्यावर गेला. तिथे सगळे जमले होते. गावचे पोलीस पाटील वाहरू आले होते, त्यांच्यापुढे दौत होती. कारभारी एकटेच खुर्चीवर बसले होते. आबा भिंतीला टेकून. घोंगडी पांघरलेला दलसिंग मधोमध, चहाची बशी दोन्ही हातांनी धरून.

“काय व्हयनं ते सांगा,” पाटील म्हणाले.

दलसिंगने बशी खाली ठेवली. “चाकवालानी वळन जोरमा लिधं. मी त्याले सांगं, सबूर, सबूर. त्यानी ऐकं नही.” तो थांबला. “त्यानी पियेल व्हती.”

दिलवरला आधी वाटलं आपल्या कानांत पाणी आहे.

“सकायथीन पियेल व्हता,” दलसिंग म्हणाला. “मन्हा ध्यानमा उशिरा उनं.”

कारभाऱ्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं दिसत होतं. “हे पहा पाटील, लग्न तोंडावर आलंय. राजेसाहेबांच्या बोटीत खोट होती अशी चर्चा मला नको. चालवणारा नशेत होता. मला एवढं पुरे आहे. कारखान्याने दुसरी बोट द्यावी, आम्ही घेऊ.”

“देसूत,” दलसिंग म्हणाला. “फागुनना आत देसूत.”

“खोटं शे!” दिलवर पुढे झाला. “पाटील, हाई सारं—”

करणसिंगने त्याचा दंड धरला आणि ओट्यावरून खाली, कडुनिंबाच्या आडोशाला नेला. दोघे भाऊ एकमेकांशी कामाशिवाय न बोलता किती महिने राहिले होते. आता करणसिंगचं तोंड त्याच्या कानाशी होतं.

“ऐक. बोट कोन्ही बांधी? तू. उद्या म्हनतीन, बोटमाच खोट व्हती. तुले धरी नेतीन. कारखाना बंद व्हई. एवढा लोकेसना चुल्हा शे आठे.”

“आनि भिला?”

“भिला गया, दिलवर.” करणसिंगने त्याचा दंड आणखी घट्ट धरला. “त्याले आते काय व्हनार शे? जित्ता माणूस देख.”

दिलवरला उलटून बोलायचं होतं. पण भाऊ कधी नव्हे तो त्याच्या बाजूने उभा होता, त्याला वाचवू पाहत होता, आणि त्याचं अंग थंडीने नुसतं थडथडत होतं. आबा बोलतील, त्याला वाटलं. आबा कधी खोटं चालवून घेत नाहीत. त्याने ओट्याकडे पाहिलं. आबा भिंतीला टेकून होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी धोतराचा सोगा चाचपत पायांवर ओढून घेतला आणि तोंड नदीकडे फिरवलं.

दिलवर ओट्याच्या पायरीवर बसला.

*

रेवाबाई शेडमध्ये भिलाजवळ होत्या. त्याच्या केसांतली वाळू काढत होत्या. कोणीतरी निरोप घेऊन आलं की पाटील बोलावतात, तेव्हा त्यांना वाटलं प्रेत हलवायचं असेल. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या ओट्यापाशी आल्या.

“वहिनी, तुमले एकच इचारानं शे,” वाहरू पाटील म्हणाले. “भिला सकायले तुमना घर जेवना ना?”

“जेवना.”

“फुई,” दलसिंग मध्येच म्हणाला. लहानपणापासून तो आत्याला याच नावाने हाक मारी. त्याचे डोळे लाल झाले होते. “फुई, त्याना तोंडले दारूना वास येत व्हता ना? पाटीलले सांगी दे. एवढंच.”

रेवाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग करणसिंगकडे. करणसिंग जमिनीकडे बघत होता. पायरीवर ओल्या कपड्यांत बसलेला दिलवर, भिंतीला टेकलेला नवरा. आपल्याला बोलावण्याआधी इथे सगळं ठरून झालं आहे, हे त्यांना कळलं. कारभारी घड्याळ काढून बघत होते.

भावाने मरताना दलसिंगचा हात त्यांच्या हातात दिला होता. आईविना पोर, त्यांनी त्याला करणसिंगबरोबर एका ताटात जेवू घातलं होतं. कारखाना त्याला मिळावा म्हणून नवऱ्यापुढे रडल्या होत्या. आणि आता तोच पोर केवढीशी गोष्ट मागत होता. एक हो.

“कळनानी भाकर खादी त्यानी,” रेवाबाई हळू म्हणाल्या. “मिरचीना ठेचासंगे. तिखट लागनं म्हनीसन मी ताक दिधं. मी त्याना पुढे बसेल व्हतू, ताटमा तव्यावरनी भाकर टाकत व्हतू.” त्या थांबल्या. “वास नही उना.”

“फुई, तू म्हातारी व्हयनी. तुन्हा ध्यानमा—”

“मन्हा नाकले काय व्हयनं? तू धाकला व्हता तवय तुले ताप शे का नही ते मी अंगना वासवर वळखू. भिला दारू पियेल नव्हता, पाटील. ताक पियेल व्हता.”

दलसिंगचं तोंड उघडं राहिलं. कुणी सख्ख्या माणसाने अंगावर उकळतं पाणी टाकावं तसा त्याचा चेहरा झाला.

“आनि काल सांजनी गोट बी लिखी ल्या,” रेवाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज वाढला होता, तो त्यांना आवरेना. “मन्हा चुल्हाजोडे तीन्हीजन जेवाले बठना व्हतात. दिलवर म्हने, इंजिन जड शे, खालन्या फळ्या धरावाव नहीत, आठ दिन दे. दलसिंग, तू काय म्हनना? ‘मालक कोन शे आठला?’ आनि ताट सारी उठी गया. तुन्हं उष्टं ताट मी उचलं.”

“फुई...” दलसिंग उभा राहिला. घोंगडी खाली पडली. “बा मरताना तुले काय म्हनना व्हता?”

“म्हनना व्हता, संभाळ. मी संभाळं. पन तुन्हासाठे दुसरीना मरेल पोऱ्याले दारुड्या म्हनाले नव्हता सांगेल तुन्हा बा.”

“ताई, याचा परिणाम तुम्हाला कळतो का?” कारभारी उठत म्हणाले. “संस्थान आता इथून एक फळीसुद्धा घेणार नाही.”

रेवाबाई पाटलांकडेच बघत राहिल्या. त्या कारभाऱ्यांशी बोलतच नव्हत्या.

पाटलांनी टाक उचलला नव्हता. त्यांनी करणसिंगकडे पाहिलं. “मॅनेजर, तुम्ही व्हतात ना जेवाले?”

करणसिंगला सगळं एकदम दिसलं. हो म्हटलं तर नोकरी, कारखाना, आबांचं नाव, सगळं त्या डोहात जाणार. नाही म्हटलं तर आई खोटी ठरणार, आणि तीही पाटलासमोर, भावासमोर. पायरीवर दिलवर त्याच्याकडे वळून बघत होता. त्या नजरेत राग नव्हता. तो नुसता वाट बघत होता.

“व्हतू,” करणसिंग म्हणाला. “माय सांगस ते खरं शे. दिलवरनी मले बी येगळं सांगेल व्हतं. मी म्हनं, मालक म्हनस तसं कर.”

तेव्हा भिंतीपासून आबांचा आवाज आला. “लिखा, पाटील.” ते उठायला बघत होते, हात हवेत चाचपत होते. दिलवरने पटकन जाऊन त्यांना धरलं. आबांनी त्याच्या ओल्या सदऱ्यावरून हात फिरवला. “मले आवाज समजना व्हता, दिलवर. इंजिन सुरू व्हयनं तवयच समजना. मी खुर्चीवरथीन उठनू नही.”

दलसिंग ओट्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला, सगळ्यांकडे पाठ करून. पाटलांचा टाक बराच वेळ कुरकुरत होता. लिहून झाल्यावर त्यांनी दलसिंगला सही मागितली. आत्या पुन्हा त्याच्याकडे बघेल, असं त्याला वाटलं असावं. तो तसा थांबला होता. रेवाबाई शेडकडे चालू लागल्या होत्या.

“फुई,” तो मागून म्हणाला. “लॉरी ली जा. भिलाले गाडीबैलवर नको नेवू.”

त्याने सही केली.

*

तळोद्याला सरकारी डॉक्टरने पाहून प्रेत सोडलं तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. दलसिंगची लाकूड वाहायची लॉरी अक्कलकुव्याच्या पुढे जिथवर रस्ता होता तिथवर गेली. तिथून पाड्यातल्या माणसांनी बांबूची डोली केली. एका टोकाला करणसिंगने खांदा दिला, एका टोकाला दिलवरने. चढण होती. दोघांची उंची सारखी नव्हती, म्हणून करणसिंग वाकून चालत होता. वाटेत तो एकदाच बोलला. कारखान्याला कुलूप लागणार, दलसिंगने ड्रायव्हरजवळ तसा निरोप दिला आहे.

“लागू दे,” दिलवर म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “तू खांदा बदली ले. तुन्हा खांदा सोलाई ऱ्हायना.”

रेवाबाई मागून येत होत्या. त्यांना कोणी ये म्हटलं नव्हतं. आबांनी सुद्धा विचारलं नव्हतं की परत कधी येशील. चालताना त्या मनात वाक्यं जुळवत होत्या. बाई, तुझ्या पोराची चूक नव्हती. चूक आमच्या घराची होती. मी हे पाटलासमोर सांगितलं आहे, कागदावर आलं आहे. भिलाच्या आईला एवढं तरी आपण देऊ शकतो, असं त्यांना वाटत होतं. त्याच बळावर त्या चढत होत्या.

पाडा म्हणजे उतारावर विखुरलेली कुडाची घरं. भिलाची आई फुलवंताबाई अंगणात उभी होती. तिला आधीच कळलं होतं. डोंगरात अशी बातमी माणसांच्या पुढे पोचते. अंगाने बारीक, हातात अजून धान्य पाखडायचं सूप. डोली अंगणात ठेवली तशी पाड्यातल्या बायकांनी हंबरडा फोडला, पण तिने फोडला नाही. सूप बाजूला ठेवून ती खाली बसली आणि कापड स्वतःच्या हाताने बाजूला केलं.

रेवाबाई तिच्या शेजारी बसल्या. “फुलवंता,” त्या म्हणाल्या, “तुन्हा पोऱ्यानी काय चूक नव्हती. आमनी बोट फुटनी. मी सारासले सांगं, पाटीलले—”

फुलवंताबाई ऐकत नव्हती. ती मुलाच्या बोटांना हात लावून बघत होती, कपाळाला, मानेला. पाड्यात ती आपल्या भिली बोलीत बोले, बाजारापुरती अहिराणी तिला येई. रेवाबाईंकडे वळून तिने अहिराणीत विचारलं, अगदी हळू, जसं दुसऱ्या बाईलाच विचारता येतं.

“पानी थंडं व्हतं का?”

पाटलासमोर, कारभाऱ्यासमोर, भाच्यासमोर जी जीभ अडली नव्हती ती आता टाळ्याला चिकटली. त्यांनी दिलवरकडे पाहिलं. पाण्यात तोच उतरला होता. दिलवरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“व्हतं,” रेवाबाई म्हणाल्या. “लई थंडं व्हतं.”

फुलवंताबाईने मान हलवली. ती उठून घरात गेली, आणि आपली गोधडी घेऊन बाहेर आली. ती तिने भिलाच्या अंगावर घातली, पायांकडून वरपर्यंत, आणि कडा आत खोचू लागली. एक बाजू तिला पुरेना. तेव्हा रेवाबाईंनी पलीकडून ती ओढून धरली.